बँक बंद पडली, पण कॉम्प्युटर चालूच होता! मेनफ्रेमचं नेमकं काय चुकतं?

१७ जून २०१२, रविवार. ब्रिटनमधल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या, म्हणजे आरबीएसच्या तांत्रिक टीमनं एक सॉफ्टवेअर अपडेट केलं. नेहमीचंच काम. लगेचच त्यांना काहीतरी गडबड जाणवली. मग टीमनं ठरवलं की नवीन नको, आपलं जुनंच बरं, आणि अपडेट काढून टाकलं.

इथून पुढे जे झालं त्यावर ब्रिटनच्या संसदेत चर्चा झाली.

आरबीएसच्या छताखाली तेव्हा नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँक याही बँका होत्या. तिन्ही बँकांच्या ग्राहकांना खात्यात नेमके किती पैसे आहेत हे कळेना. ऑनलाइन बँकिंग चालेना, एटीएमवर चुकीची शिल्लक दिसायला लागली. घराचे हप्ते वेळेवर जाईनात. परदेशात फिरायला गेलेल्यांच्या हातात रोख उरली नाही. काही कंपन्यांना कामगारांचे पगार करता आले नाहीत. फटका बसलेल्या ग्राहकांचा ब्रिटनमधला आकडा होता ६५ लाखांहून जास्त. आयर्लंडमध्ये अल्स्टर बँकेचं गाडं रुळावर यायला जुलै उजाडला.

आता यातली खरी गोष्ट. या सगळ्या काळात बँकेचा मुख्य कॉम्प्युटर बिघडला नव्हता. कुठला पार्ट जळला नाही, कुणी हॅकर घुसला नाही. मशीन आपलं काम करायला तयार होतं. कोणतं काम कधी करायचं, हे त्याला सांगणारी यंत्रणाच गोंधळली होती.

हे मशीन म्हणजे मेनफ्रेम. गंमत म्हणजे त्याच २०१२ साली स्वीडनमध्येही मेनफ्रेमवरून मोठी खळबळ उडाली, आणि तिथेही घोडं साधारण अशाच ठिकाणी अडलं होतं. ते प्रकरण पुढे येईलच. आधी हे मशीन काय आहे ते बघू.

मेनफ्रेम अजून आहे? ते तर म्युझियममध्ये असायला हवं ना?

मेनफ्रेम म्हटलं की हॉलभर पसरलेली कपाटं आणि गरगर फिरणाऱ्या टेप डोळ्यांसमोर येतात. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम/३६० हे मशीन जाहीर केलं, ते खरोखर तसंच होतं. पण त्याच घराण्यातलं सगळ्यात नवं मशीन, झेड१७, एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालंय. दिसायला ते घरातल्या फ्रीजपेक्षा थोडं मोठं, काळं कपाट. त्याच्या प्रोसेसरवरच एआय चालवायची सोय आहे, म्हणजे कार्ड स्वाइप झाल्या क्षणी हा व्यवहार संशयास्पद आहे का, हे तिथल्या तिथे तपासता येतं.

आणि तरीही या घराण्यानं एक जुना शब्द पाळलाय. साठच्या आणि सत्तरच्या दशकात लिहिलेला प्रोग्राम आजच्या मशीनवरही चालला पाहिजे. म्हणूनच मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या आणि कार्ड कंपन्या त्याला सोडत नाहीत. जगातल्या सगळ्यात मोठ्या ५० बँकांपैकी ४५ बँका मेनफ्रेम वापरतात, असा आयबीएमचाच दावा आहे. विकणाऱ्याचा दावा आहे, त्यामुळे जरा मीठ टाकूनच घ्यावा. पण मोठ्या बँकांत हे मशीन सर्रास आहे यात वाद नाही.

आपल्याकडच्या बहुतेक बँका मात्र या वाटेनं गेल्या नाहीत. सरकारी बँकांचं कॉम्प्युटरीकरण उशिरा झालं, तोपर्यंत युनिक्सवर चालणारी तयार बँकिंग सॉफ्टवेअर बाजारात आली होती. म्हणजे तुमच्या सहकारी बँकेच्या मागे मेनफ्रेम असण्याची शक्यता फार कमी. पण हिंजवडीत, ऐरोलीत, पवईत रात्रपाळी करणाऱ्या कुणा दादा-ताईला विचारा. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या बँकेचं मेनफ्रेम त्यांच्या स्क्रीनवर असतं. टीसीएसनं सत्तरच्या दशकात बरोज कंपनीच्या मशीनवर परदेशी कामं घ्यायला सुरुवात केली, पुढे वायटूके आलं आणि कोबोल शिकलेली मराठी पोरं थेट न्यू जर्सीला पोहोचली. पुण्यात आज बीएमसी सॉफ्टवेअरचं मोठं केंद्र आहे, तिथे मेनफ्रेमसाठीची सॉफ्टवेअर तयार होतात. (मुंबईकरांनी गैरसमज करून घेऊ नये, खड्डेवाली बीएमसी वेगळी.)

रात्री बँकेत काय चालतं?

आता आरबीएसकडे परत येऊ.

पूर्वी बँकेत काउंटर बंद झाल्यावरही आत लेजर जुळवत बसलेले कारकून दिसायचे. एक रुपया जरी जुळला नाही तरी घरी जाता यायचं नाही. आजही मोठ्या बँकेत तेच होतं, फक्त ते मेनफ्रेमवर होतं. दिवसभराचे धनादेश, पगाराच्या याद्या, हप्ते, व्याज, दुसऱ्या बँकांशी देणंघेणं हे सगळं रात्री एकगठ्ठा चालवलं जातं. त्याला बॅच म्हणतात. एका रात्रीत अशी हजारो छोटी कामं असतात, आणि प्रत्येकाला 'जॉब' म्हणतात.

या जॉबना क्रम असतो. आधी पगार जमा, मग हप्ता वजा, मग व्याज. क्रम उलटा झाला तर पगार व्हायच्या आधीच हप्ता कापायला जाईल आणि पैसे नाहीत म्हणून दंड लागेल. हा क्रम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला बॅच शेड्युलर म्हणतात. लोकलच्या कंट्रोल रूमसारखं समजा. गाड्या ठणठणीत आहेत, मोटरमन हजर आहेत, रूळही जागेवर आहेत. पण कंट्रोल रूमलाच कळेनासं झालं की कुठली गाडी सुटली आणि कुठली सुटायची आहे, तर कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत सगळं ठप्प.

आरबीएसमध्ये अपडेट झालं होतं ते नेमकं या शेड्युलरचं. त्या वेळच्या बातम्यांनुसार ते सीए-७ नावाचं, जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर होतं. ब्रिटनच्या वित्तीय नियामकांनी नंतर चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला की नवी आणि जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळणारी नव्हती, आणि अपडेट मागे घेतलं तर काय होईल याची चाचणी न करताच टीमनं ते मागे घेतलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. अपडेट करताना चाचणी करायची असते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण परत मागे येणं हेसुद्धा एक काम आहे आणि त्याचीही तालीम लागते, हे फारसं कुणी धरत नाही. आपल्याला वाटतं की मागची पायरी सुरक्षितच असणार, आत्ताच तर तिथून आलो. बँकेच्या बॅचमध्ये मात्र मधल्या वेळेत हजारो जॉब चाललेले असतात. नव्या आवृत्तीनं केलेल्या नोंदी जुन्या आवृत्तीला वाचता आल्या नाहीत, तर कोणतं काम झालं आणि कोणतं राहिलं हे सांगणारं कुणी उरत नाही. आणि अंदाजानं पुन्हा चालवावं, तर कुणाचा पगार दोनदा जमा होणार, कुणाचा हप्ता दोनदा कापला जाणार. म्हणजे माणसं बसवून एकेक गोष्ट तपासत पुढे सरकायचं. त्यात रोज रात्री नवी बॅच येतेच आहे. तुंबलेलं काम वाढतंच जातं.

बरं, एवढ्या मोठ्या बँकेकडे दुसऱ्या गावात पर्यायी डेटा सेंटर नसेल का? मोठ्या बँकांकडे असतंच. एक केंद्र जळालं तरी दुसरं काही मिनिटांत काम उचलतं, ही मेनफ्रेमची खासियत आहे. पण ही सोय आग, पूर, वीज जाणं यांच्यासाठी आहे. इकडची नोंद तिकडे क्षणात पोहोचते, तशी इकडची चुकीची नोंदही क्षणात पोहोचते. चुकीच्या हिशेबाची दोन शहरांत दोन चोख प्रतिबिंबं, एवढंच त्यातून हाती लागतं.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये दोन ब्रिटिश नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोठावला. आयर्लंडच्या केंद्रीय बँकेनं अल्स्टर बँकेला ३५ लाख युरोंचा दंड केला तो वेगळा. त्याआधीच नुकसानभरपाईसाठी बँकेनं साडेबारा कोटी पौंड बाजूला काढले होते.

आणि खापर हैदराबादवर

हे सगळं चालू असताना ब्रिटनमधल्या काही वर्तमानपत्रांनी आणि कामगार संघटनांनी एक उत्तर शोधून ठेवलं होतं. आरबीएसनं ब्रिटनमधल्या आयटीच्या नोकऱ्या कमी करून कामं भारतात पाठवली होती आणि हैदराबादेत सीए-७ येणाऱ्या माणसांसाठी जाहिरातही आली होती, म्हणून चूक भारतातल्याच कुणीतरी केली असणार!

बँकेचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन हेस्टर यांनी मात्र याचा आउटसोर्सिंगशी संबंध असल्याचा पुरावा नाही असं सांगितलं. ज्या यंत्रणेत घोळ झाला तिची देखभाल एडिंबरामधल्या बँकेच्याच केंद्रातून होत होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, ऐन खरेदीच्या दिवशी आरबीएसची यंत्रणा पुन्हा कोलमडली. तेव्हा नवे प्रमुख रॉस मॅकइवन यांनी कबूल केलं की बँकेनं कित्येक दशकं आपल्या यंत्रणांवर हवा तसा खर्चच केला नव्हता.

आपल्या पोरांवर आलेला आळ फिटला हे चांगलंच झालं. पण म्हणून त्या संघटनांचा मुद्दा पूर्ण चुकीचा होता असं मला वाटत नाही. बॅचचा क्रम असा का आहे, अमुक जॉब मंगळवारी थांबवायचा का असतो, याची उत्तरं बऱ्याचदा कागदावर नसतात, वीस-पंचवीस वर्षं तिथे बसलेल्या माणसाच्या डोक्यात असतात. तो माणूस निवृत्त होतो किंवा त्याला घरी पाठवलं जातं. त्याच्या जागी येणारा एडिंबराचा असो की हैदराबादचा, त्याला फक्त बटणं दाखवली जातात.

आता हॅकिंगचं प्रकरण

मेनफ्रेमवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एक समजूत होती की हे मशीन हॅक होत नाही. त्याला आधारही होता. या मशीनची रचनाच अशी की प्रत्येक फाइल, प्रत्येक प्रोग्राम उघडताना 'तुला परवानगी आहे का' हे विचारलं जातं. विचारणारा पहारेकरी वेगळा असतो. आयबीएमचा रॅकएफ नावाचा पहारेकरी १९७६ पासून नोकरीवर आहे.

२०१२ च्या मार्चमध्ये स्वीडनमधल्या लॉजिका या आयटी कंपनीत कुणीतरी मेनफ्रेममध्ये शिरल्याचं उघडकीला आलं. ही कंपनी सरकारी आणि खासगी ग्राहकांचा डेटा सांभाळायची, त्यात सामान्य लोकांचे ओळख क्रमांकही होते. तपासात नाव आलं गॉटफ्रिड स्वार्थोल्म वार्ग याचं. 'पायरेट बे' या सिनेमे फुकट डाउनलोड करायच्या बदनाम वेबसाइटचा तो सहसंस्थापक. त्याला कंबोडियात पकडून स्वीडनला आणलं. माझा कॉम्प्युटर दुसऱ्याच कुणीतरी दुरून चालवत होतं, असा त्याचा बचाव होता. नॉर्डिया बँकेतून पैसे हलवण्याच्या आरोपातून तो अपिलात सुटला, पण लॉजिकाच्या प्रकरणात एक वर्षाची शिक्षा कायम राहिली. त्यानंतर डेन्मार्कमध्ये खटला झाला. तिथे सीएससी या कंपनीच्या मेनफ्रेमवर पोलिसांचा डेटा होता, वाहन परवान्यांच्या नोंदींसकट. तिथे २०१४ मध्ये साडेतीन वर्षं. डेन्मार्कला आपल्या घरात चोर शिरून गेल्याचा सुगावा लागला तो स्वीडिश पोलिसांच्या तपासामुळे. म्हणजे तोवर पहारेकऱ्यानं आरडाओरडा केलाच नव्हता.

शिरकाव कसा झाला? या प्रकरणाशी दोन त्रुटी जोडल्या जातात. एक होती मेनफ्रेमवरच्या वेब सर्व्हरमध्ये. दुसरी होती नेटव्ह्यू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिच्यामुळे साध्या वापरकर्त्याला थेट मालकासारखे अधिकार मिळत होते. आणि नेटव्ह्यू काय काम करतं माहितीय? मेनफ्रेमवर देखरेख! आरबीएसमध्ये बॅच सांभाळणारं सॉफ्टवेअर उलटलं, स्वीडनमध्ये मशीनवर नजर ठेवणारं. दोन्हीकडे किल्ला शाबूत होता, किल्लेदाराच्या खोलीचं दार उघडं होतं. ही सांभाळणारी सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त अधिकारांनी चालतात, कारण त्यांना सगळीकडे हात घालावा लागतो. आणि तीच सगळ्यात कमी तपासली जातात.

आत शिरल्यावर रॅकएफचं पासवर्डचं भांडारच बाहेर नेण्यात आलं. पासवर्ड तिथे उघडे लिहिलेले नसतात, गुंतागुंत करून ठेवलेले असतात. पण जुन्या पद्धतीत मेनफ्रेमचा पासवर्ड जास्तीत जास्त आठ अक्षरांचा, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त मोठी इंग्रजी अक्षरं नि आकडे चालायचे. अशी फाइल घरी नेऊन कॉम्प्युटरला रात्रभर अंदाज करायला लावला की पासवर्ड एकेक करून सुटत जातात. नंतर आयबीएमनं बरीच भक्कम पद्धत दिली. पण जुने प्रोग्राम अडतील या भीतीनं अशा गोष्टी आपोआप लागू होत नाहीत, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ठरवून ती चालू करावी लागते. साठ वर्षं जुना प्रोग्राम चालला पाहिजे या शब्दाची ही किंमत.

मग एन्क्रिप्शनचं काय? २०१७ च्या झेड१४ पासून सगळाच डेटा कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे आणि ती खरोखर चांगली आहे. डिस्क चोरीला गेली तरी चोराच्या हाती काही लागत नाही. पण खऱ्या कर्मचाऱ्याचं लॉगिन वापरून कुणी आला, तर मशीन त्याला कुलूप काढूनच डेटा देणार. त्याचं कामच ते आहे.

म्हणून आज या क्षेत्रातले जाणकार तपासणीला आले की आधी एक साधी यादी मागतात. रॅकएफमध्ये 'स्पेशल' नावाचा अधिकार असतो. तो ज्याच्याकडे आहे तो कुणालाही कसलीही परवानगी देऊ शकतो. असा अधिकार किती जणांकडे आहे? त्यातले किती जण नोकरी सोडून गेलेत? कुणाला दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांसाठी दिलेला अधिकार सात वर्षांनी अजून तसाच आहे? ही यादी काढायला एआय लागत नाही. लागतो तो एक खमका माणूस, जो साहेबाला म्हणू शकेल की तुमचा अधिकार काढून घेतोय.

बिलाची भानगड, आणि डेटाच्या कॉप्या

मेनफ्रेम चालवणाऱ्यांच्या डोक्याला सगळ्यात मोठा ताप असतो तो बिलाचा, आणि सुरक्षेशी त्याचा थेट संबंध आहे.

कारखानदार मित्र असेल तर त्याला महावितरणच्या बिलातली 'मॅक्झिमम डिमांड' विचारा. महिनाभर वापर जपून केला, पण एका दुपारी सगळी मशीनं एकदम चालू केली, तर त्या एका उंच टोकाचा आकार महिन्याच्या बिलात येतो. मेनफ्रेमच्या सॉफ्टवेअरचं भाडं वर्षानुवर्षं असंच मोजलं गेलं. महिन्यातल्या सगळ्यात व्यग्र चार तासांची सरासरी, त्यावर बिल. आता निराळे करारही मिळतात, पण जुना हिशेब अजून अनेकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

आता फोनवरचं बँकिंग बघा. पूर्वी लोक महिन्यातून दोनदा पासबुक भरून घ्यायचे. आज पगाराच्या दिवशी माणूस दहा वेळा ॲप उघडून बघतो, आला का, आला का! असं दर वेळी मेनफ्रेमला विचारलं तर वापर वाढणार आणि बिलही. मग बँका काय करतात? डेटाची कॉपी बाहेरच्या स्वस्त सर्व्हरवर किंवा क्लाउडवर काढून ठेवतात आणि ॲपला तिकडूनच उत्तर देतात. एक कॉपी विश्लेषण करणाऱ्यांना, एक नवं सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना, एक कुठल्यातरी सल्लागार कंपनीला. मेनफ्रेमवर पहारेकरी उभा आहे, पण या कॉप्यांवर कोण आहे? तिजोरीच्या दाराला तीन कुलुपं, आणि दागिने पाहुण्यांना दाखवायला म्हणून बाहेरच्या खोलीत मांडून ठेवलेले.

२०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी पातळीवर हाच वाद पेटला. तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याची यंत्रणा कोबोल आणि मेनफ्रेमवर उभी आहे. इलॉन मस्क यांच्या 'डोज' पथकाच्या माणसांना त्या डेटाला हात लावू द्यावा का, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जूनमध्ये न्यायालयानं परवानगी दिली. ऑगस्टमध्ये खात्याचेच डेटा प्रमुख चार्ल्स बोर्जेस यांनी तक्रार केली की नागरिकांच्या माहितीची आख्खी कॉपी पुरेशा देखरेखीशिवाय क्लाउडवर ठेवली गेली. डेटा सुरक्षित आहे असं खात्याचं म्हणणं. खरंखोटं ठरेल तेव्हा ठरेल, पण वाद मेनफ्रेम फुटल्याचा नव्हता, कॉपी बाहेर गेल्याचा होता, हे लक्षात घ्या.

खाजगी कंपन्यांमध्ये अशा कॉप्यांची गोष्ट बातमीपर्यंत पोहोचत नाही, इतकाच फरक.

काही कॉप्या मात्र हव्यातच. गेल्या काही वर्षांत अशी सोय आली आहे की मशीन ठरावीक वेळानं डेटाची छबी काढून ठेवतं, आणि ती नंतर बदलता किंवा रोजच्या वापरातून उघडता येत नाही. खंडणी मागणाऱ्या हॅकरनं आजचा डेटा कुलूपबंद केला, किंवा आपल्याच माणसाच्या चुकीनं हिशेब बिघडला, तर सकाळच्या छबीवर परतता येतं. आरबीएसच्या वेळी पर्यायी केंद्राच्या संदर्भात जो प्रश्न आला होता, त्याचं हे उत्तर. अर्थात परत येण्याची तालीम केली असेल तरच.

मग एआयनं सगळं नवीन लिहून टाकलं तर?

हा प्रश्न आता दर दोन-चार महिन्यांनी ट्रेंड होतो. एआय कंपन्या म्हणतात, आमचं टूल कोबोल वाचतं, समजावून सांगतं, जावामध्ये लिहूनही देतं. आयबीएमनं स्वतः २०२३ मध्ये असं टूल जाहीर केलं. पुण्यातल्या मेनफ्रेमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच चिंता सुरू होते, आपली नोकरी गेली का?

कोबोल वाचून समजावण्यात एआयचा खरंच उपयोग आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला, एकही टिप्पणी नसलेला प्रोग्राम उलगडायला पूर्वी आठवडे जायचे. पण वरची दोन्ही प्रकरणं पुन्हा बघा. आरबीएसमध्ये कोबोलची एकही ओळ चुकलेली नव्हती. लॉजिकामध्येही नाही. जॉबचा क्रम, अपडेट मागे घ्यायची रीत, कुणाकडे कोणता अधिकार, कुठली कॉपी कुणाकडे, यातलं काहीच प्रोग्रामच्या आत लिहिलेलं नसतं. प्रोग्राम जावामध्ये आला तरी हे प्रश्न नव्या घरात सामान घेऊन येतात.

घर बदलण्याचा धोका कसा असतो ते ब्रिटनच्याच टीएसबी बँकेनं २०१८ च्या एप्रिलमध्ये पाहिलं. सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात लॉइड्सच्या जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेली. डेटा नीट पोहोचला, पण नवी यंत्रणा भार पेलेना, आणि लाखो लोक आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभे. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर लागला. बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. आणि पुढे बँकेचे आयटी प्रमुख कार्लोस अबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले. पुरवठादार कंपनीची तयारी झाली आहे की नाही याची नीट खातरजमा त्यांनी केली नाही, हा त्यांच्यावरचा ठपका.

हा व्यक्तिशः दंड बँकांच्या वरिष्ठांना चांगलाच झोंबला. त्यानंतर नियमही कडक झाले. ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२५ पासून बँकांना आपली महत्त्वाची सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलेली चालेल हे आधी ठरवून, तेवढ्यात ती परत उभी करून दाखवावी लागते. युरोपीय संघाचा 'डोरा' कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यात बँकेसाठी काम करणाऱ्या बाहेरच्या आयटी कंपन्यांवरही बँकेनं नजर ठेवायची आहे. बँक ती अट करारात घालते आणि करार हिंजवडीतल्या ऑफिसपर्यंत येतो.

त्यामुळे इथे रात्रपाळीला बसणाऱ्या टीमलाही आता परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. 'स्पेशल' अधिकार कुणाकुणाकडे आहेत, टेस्टिंगसाठी आणलेल्या डेटात खऱ्या ग्राहकांची नावं आहेत का, शेड्युलरचं अपडेट मागे घ्यायची तालीम शेवटची कधी केली आणि तिला किती तास लागले.